आता तुम्ही मला सांगा

शहाद्याच्या बाजारपेठेत अब्बांचं शिलाईचं दुकान आहे. शाळेचे गणवेश ही त्यांची खासियत. मे-जूनमध्ये आमच्या घरात खाकी आणि निळ्या कापडाचे तागे भिंतीला टेकून उभे असायचे आणि जेवायला बसायचं तर आधी चिंध्या बाजूला कराव्या लागायच्या. मी बारावी झाले तेव्हा आमच्या घरातलं कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. डॉक्टर व्हावं असं मला वाटायचं, पण मार्कांनी साथ दिली नाही. त्या सुट्टीत एका मैत्रिणीने फार्मसीचा फॉर्म आणला, तिच्याबरोबर मीही भरला. फार्मसी म्हणजे नेमकं काय हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं. मेडिकलच्या दुकानात काउंटरमागे उभं राहायचं असतं, एवढंच.

माझं नाव लागल्यावर अब्बा एकटेच कॉलेज बघून आले. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी टोपी खुंटीला लावली, पाणी प्यायले. अम्मी वाट बघून थकली आणि तिनेच विचारलं, "कैसा है?"

"अच्छा है," अब्बा म्हणाले. "बस फाटक के सामने रुकती है. पाँच बजे छुट्टी, छह बजे तक लडकी घर में. मगर बच्चों के एप्रन की सिलाई एकदम कच्ची है."

माझं शिक्षण असं ठरलं. माझा एप्रन अब्बांनी स्वतः शिवला, दुहेरी टाक्यांचा. तो चार वर्षं टिकला आणि पुढे माझ्या चुलत बहिणीने वापरला.

हे सगळं सांगायचं कारण असं की आज मी त्याच पट्ट्यातल्या एका फार्मसी कॉलेजात शिकवते आणि दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गाला पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारते: तुम्ही फार्मसीला का आलात? कोरा कागद द्यायचा, नाव लिहायचं नाही, कुठल्याही भाषेत लिहा. ही पद्धत माझी मीच सुरू केली. मला वाटतं, मला कुणीच कधी असं विचारलं नव्हतं म्हणून असेल.

उत्तरं वाचताना मजा येते. निम्म्यांना डॉक्टर व्हायचं असतं. 'मामांचं मेडिकल आहे, त्यांना मुलगा नाही.' 'लायसन्स मिळतं.' 'कंपनीत एसी असतो.' 'ताई म्हणाली.' एका मुलीने लिहिलं होतं, 'बी.फार्म. म्हटलं की पाहुणे पुढचे प्रश्न विचारत नाहीत.' एकाने प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'माहीत नाही, तुम्हीच सांगा.' मी कुणाला हसत नाही. माझं स्वतःचं कारण एसटीच्या वेळापत्रकात होतं.

काही वर्षांपूर्वी त्या गठ्ठ्यात एक कागद आला. अक्षर शाळेतल्या सुलेखनासारखं, प्रत्येक वेलांटी जपून काढलेली. लिहिलं होतं, 'माझ्या वडिलांना दमा आहे. दवाखान्यात त्यांना यंत्रात घालून ओढायच्या कॅप्सूल मिळाल्या. त्यांनी त्या पाण्यासोबत गिळल्या. एक महिना गिळल्या. मला हे शिकायचे आहे.'

मी तो कागद दोनदा वाचला, वेगळा काढून ठेवला आणि शिकवायला लागले. कुणाचा आहे हे शोधायचा प्रयत्नही केला नाही. नाव लिहू नका असं मीच सांगितलं होतं.

त्याच सत्रात मी संवाद कौशल्याचं प्रात्यक्षिक घेत होते. विद्यार्थ्याने पुढे यायचं, समोर बसलेल्याला रुग्ण समजायचं आणि औषध कसं घ्यायचं ते समजावून सांगायचं. सगळं इंग्रजीत. मलाही असंच शिकवलं होतं, मीही तसंच शिकवत होते. आमची मुलं तीन-चार वाक्यं पाठ करून यायची आणि एका दमात म्हणून टाकायची. समोर बसलेला 'रुग्ण' थँक यू म्हणायचा आणि मग आपली पाळी आली की तीच वाक्यं म्हणायचा.

एक मुलगी मात्र पुढे येऊन नुसती उभी राहिली. सातपुड्यातली, पावरा आदिवासी कुटुंबातली. आश्रमशाळेत शिकून आलेली, वसतिगृहात राहणारी. तिच्या हातात औषधाची रिकामी बाटली होती. ती बाटलीकडे बघत राहिली, मी घड्याळाकडे.

"बोल ना," मी म्हणाले.

ती बोलली नाही. मी तिला दहापैकी तीन मार्क दिले आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'तोंड उघडत नाही.' हे मी लिहिलं. आजही त्या वर्षीची वही माझ्या कपाटात आहे आणि तो शेरा माझ्याच अक्षरात आहे.

पुढची अडीच वर्षं ती माझ्या वर्गात होती आणि तिच्याबद्दल मला फार काही माहीत नव्हतं. रसायनशास्त्रात चांगली होती. हजेरी पूर्ण असायची. वसतिगृहातल्या पोरींकडून अहिराणी शिकली होती, त्यांच्याशी त्यातच बोलायची. माझ्याशी बोलायची वेळ आली तर पुस्तकातली मराठी बोलायची, 'कृपया' आणि 'आभारी आहे' असली. आश्रमशाळेत जी मराठी कानावर पडली तीच ती.

सहाव्या सत्रात आम्ही धडगावकडच्या एका आठवडी बाजारात आरोग्य शिबिर घेतलं. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर तपासणार, चिठ्ठी देणार आणि आमच्या टेबलावर औषधं मिळणार, अशी व्यवस्था. टेबल चिंचेच्या झाडाखाली होतं. शेजारी एक माणूस दोर विकत होता, पलीकडे मीठ-मिरचीचं दुकान. मी खुर्चीवर बसले आणि ती मुलगी माझ्या शेजारी पाकिटं भरायला उभी राहिली.

लोक येत होते. मी प्रत्येकाला स्वच्छ, सावकाश मराठीत सांगत होते. ही सकाळी एक, संध्याकाळी एक. ही जेवल्यावर. समजलं का? सगळे मान हलवत होते. हो, हो. मला माझं कौतुक वाटत होतं. रांग भराभर पुढे सरकत होती.

एक म्हातारे बाबा आले. डोळ्यांत खाज होती, त्यांना थेंब दिले होते. दिवसातून चार वेळा, एकेक थेंब, डोळ्यात. मी बोट डोळ्याकडे नेऊन दाखवलंही. समजलं का, बाबा? ते हसले. हो, हो. बाटली कमरेच्या कापडात खोचून ते निघाले.

माझ्या शेजारून ती मुलगी एकदम पुढे झाली. तिने त्यांना हाक मारली. तिचा आवाज इतका मोठा असतो हे मला त्या क्षणी कळलं. ती त्यांच्याशी पावरीत, तिच्या घरच्या भाषेत, काही बोलली. ते थांबले, परत आले आणि उत्तर द्यायला लागले. ती विचारत होती, ते सांगत होते. मग तिने कपाळावर हात मारला आणि दोघंही हसले.

"काय झालं?" मी विचारलं.

"मॅडम, ते म्हणतात, ही बाटली लहान आहे म्हणून ते आजच पिऊन संपवणार होते."

"पण मी तर डोळ्याकडे बोट दाखवलं!"

"हो. त्यांना वाटलं, तुम्ही त्यांना विचारताय की दुखणं कुठे आहे."

मी हातातली चिठ्ठी खाली ठेवली. मग विचारलं, "मग ते हो का म्हणाले?"

"तुम्ही शिकलेल्या बाई आहात. लांबून आलात. तुम्हाला नाही कसं म्हणायचं?" तिने हे अगदी सरळ सांगितलं, जणू हे मला माहीत असायला हवं होतं. मग म्हणाली, "माझे बाबाही दवाखान्यात हो म्हणाले होते."

तेव्हा मला तो कागद आठवला. जपून काढलेल्या वेलांट्यांचा. मी तिच्याकडे बघितलं आणि तिला कळलं की मला कळलं आहे. ती पुन्हा पाकिटं भरायला लागली.

"इकडे बस," मी म्हणाले आणि खुर्चीवरून उठले. "पाकिटं मी भरते."

ती बसायला तयार होईना. मॅडम उभ्या आणि आपण खुर्चीत, हे तिला पटेना. शेवटी दोर विकणाऱ्या माणसाने त्याचं लाकडी खोकं दिलं, त्यावर मी बसले, मग ती खुर्चीवर बसली. त्यानंतर रांग हळू सरकायला लागली, कारण आता लोक बोलत होते. एका बाईने अर्धी रांग पार केलेली असताना परत मागे जाऊन नवऱ्याला आणलं, कारण औषध त्याच्यासाठी होतं आणि ते तिने डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. आधी औषध घेऊन गेलेले काही जण बाजारातून परत आले आणि हातातली पाकिटं टेबलावर उलटी करून पुन्हा विचारू लागले. माझं 'समजलं का' ऐकून हो म्हणालेली हीच माणसं. उन्हं कलली तेव्हा आमच्या गाडीच्या ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला, तरी आम्ही शेवटच्या माणसापर्यंत थांबलो.

परतताना घाटात ती माझ्या शेजारच्या सीटवर बसली. मी तिला विचारलं, "पहिल्या सत्रात तू का बोलली नाहीस?"

ती विचार करून म्हणाली, "मला काय सांगायचं ते माहीत होतं. पण समोर बसलेली मुलगी आजारी नव्हती आणि मी जे बोलणार होते ते तिलाही पाठ होतं. मग कुणासाठी बोलायचं?"

मला राग यायला हवा होता कदाचित, पण मला हसू आलं. मी तिला माझ्या शेऱ्याबद्दल सांगितलं. तीन मार्कांचं तिला माहीत होतं, शेरा माहीत नव्हता. तीही हसली. "बरोबरच आहे मॅडम, उघडलं नव्हतं," ती म्हणाली.

सातव्या सत्रात आमच्याकडे 'प्रॅक्टिस स्कूल' नावाचा एक प्रकार असतो. विद्यार्थ्याने एक क्षेत्र निवडायचं, त्यात प्रत्यक्ष काम करायचं, अहवाल लिहायचा आणि शेवटी सादरीकरण द्यायचं. बहुतेक जण सोपं काहीतरी निवडतात आणि आदल्या वर्षीच्या अहवालाकडे एक नजर ठेवतात. तिने माझ्याकडे येऊन सांगितलं की तिला रुग्णाला औषध समजावण्याचं काम करायचं आहे, पावरीत.

मी प्राचार्यांकडे गेले. अभ्यासक्रम वरून ठरून येतो, त्यात कुठे पावरी बसते, असं ते म्हणाले. पण मग चष्मा काढून म्हणाले, "कुठल्या भाषेत करू नये असंही लिहिलेलं नाही. करा."

ती दर आठवड्याला एका ग्रामीण दवाखान्यात जायची, औषधाच्या खिडकीशी बसायची. तिच्या अहवालाचा पहिला मसुदा मी वाचला तेव्हा त्यात एक गोष्ट होती जी आमच्या कुठल्याच पुस्तकात नव्हती, किंवा असेल तर मी नजरेआड केली होती. तिने लिहिलं होतं की 'समजलं का' असं विचारू नये, कारण त्याचं उत्तर नेहमी 'हो' येतं. त्याऐवजी म्हणावं, 'मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचं आहे, आता तुम्ही मला सांगा.' मग चूक झाली तर ती सांगणाऱ्याची होते, ऐकणाऱ्याची नाही, आणि माणूस लाजत नाही.

सादरीकरणाला बाहेरच्या कॉलेजातून एक ज्येष्ठ सर परीक्षक म्हणून आले होते. शिस्तीचे होते, पण माणूस सरळ. तिने अहवाल इंग्रजीत मांडला, अडखळत पण पूर्ण. मग म्हणाली की प्रात्यक्षिक ती पावरीत करणार आहे.

सरांनी माझ्याकडे बघितलं. "मॅडम, ही भाषा मला येत नाही. तुम्हाला येते का?"

"नाही, सर."

"मग मी मार्क कसे द्यायचे? ती काय बोलेल ते मला काय कळणार?"

मी काही बोलायच्या आत ती मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही रुग्णाला विचारा."

आमच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून काम करणाऱ्या एक मावशी आहेत. त्याही पावरा, पण कितीतरी वर्षांपासून शहाद्यात राहतात, आमच्याशी अहिराणीत बोलतात. त्या काचेची भांडी धुवत होत्या. त्यांना हात पुसून बोलावून आणलं आणि खुर्चीवर बसवलं. त्या घाबरल्या. त्यांना वाटलं काहीतरी फुटलं.

मुलीने श्वासाचं छोटं यंत्र आणि कॅप्सूल टेबलावर ठेवल्या. तिने तेच निवडलं होतं. मग ती मावशींशी बोलायला लागली. मला त्यातलं 'कॅप्सूल' आणि 'डॉक्टर' एवढंच कळत होतं. पण मावशी खुर्चीच्या कडेवरून हळूहळू मागे सरकून नीट बसल्या, हे मी बघितलं. मधेच त्यांनी काहीतरी विचारलं. मुलीने यंत्र उघडून रिकामी झालेली कॅप्सूल उजेडात धरून दाखवली. मावशींनी ती हातात घेऊन स्वतः निरखली. मग मुलगी गप्प बसली आणि मावशी बोलल्या, बराच वेळ. एका ठिकाणी मुलीने मान हलवून थांबवलं, पुन्हा दाखवलं. मावशींनी पुन्हा सांगितलं.

सर खुर्ची पुढे ओढून मावशींकडे वळले. "काय सांगितलं तिने तुम्हाला?"

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "तुम्हाला येईल तसं सांगा."

"ही गोयी गियानी नही," मावशी म्हणाल्या. "ह्या यंतरमा टाकानी, फिरावानी, कट आवाज उना म्हंजे फुटनी. पह्यले सगया श्वास सोडी देवाना. मंग तोंड लाईसन जोरमा वढाना. दहा मोजस तवलोंग श्वास धरी ठेवाना. मंग उजेडमा देखानं, आतमा पावडर ऱ्हायनी ते आखो एकदाव वढाना. आनि नंतर चूळ भरानी."

"चूळ कशाला?" सरांनी विचारलं.

"नही ते तोंड येस," मावशी म्हणाल्या आणि मग जरा दटावूनच, "ते बी तिनी सांगं ना!"

सरांना अहिराणी येत होती. ते खानदेशातलेच. त्यांनी पेन उघडलं. मार्क लिहून झाल्यावर ते मावशींना म्हणाले, "बाई, आमच्या शेवटच्या वर्षाच्या पोरांनासुद्धा श्वास आधी सोडायचा हे आठवत नाही."

मावशींना वाटलं परीक्षा त्यांचीच होती. त्यांनी मला हळूच विचारलं, "मॅडम, मी पास शे ना?" मी म्हणाले, "पहिल्या नंबरने." त्या भांडी धुवायला परत गेल्या आणि दिवसभर गुणगुणत होत्या.

त्याच वर्षी विद्यापीठाने अभ्यासक्रमातल्या आपल्या अखत्यारीतल्या भागासाठी कॉलेजांकडून सूचना मागवल्या. मी एक पान लिहून पाठवलं आणि मला बैठकीला बोलावणं आलं. अशा ठिकाणी मी पहिल्यांदाच जात होते. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, प्रत्येकासमोर जाड फाइल. माझा विषय जेवणाच्या आधीचा होता, म्हणजे सगळ्यांना भूक लागलेली.

मी शिबिराची आणि थेंबांच्या बाटलीची गोष्ट सांगितली, मग मावशींची. एक ज्येष्ठ सदस्य शांतपणे म्हणाले, "मॅडम, गोष्ट चांगली आहे. पण आपली मुलं कंपन्यांत जातात. तिथे इंग्रजी लागतं. उद्या मुलाखतीत ती पावरीत बोलणार आहेत का?"

त्यांचं चुकीचं नव्हतं. मी स्वतः शिकवायला लागण्याआधी दोन वर्षं गुजरातेत एका औषध कंपनीत होते आणि इंग्रजीवाचून तिथे माझे काय हाल झाले हे मला चांगलं आठवतं. मी ते तसंच सांगितलं. म्हणाले, "इंग्रजी काढा असं मी म्हणतच नाही, सर. अहवाल इंग्रजीतच असू दे. पण औषध समजावायचं ते ज्याला घ्यायचंय त्याच्या भाषेत. आणि मुलाला जी भाषा घरातून येते, ती आपल्याकडे आल्यावर त्याची अडचण का व्हावी?"

"पण परीक्षकाला ती येत नसेल तर?" समितीतल्या एका बाईंनी विचारलं. त्या लिहून घेत होत्या. मग मी त्यांना 'आता तुम्ही मला सांगा' समजावलं. त्यांनी ते वाक्य मला पुन्हा म्हणायला लावलं.

सगळं स्वीकारलं गेलं नाही. मी वेगळा विषय मागितला होता, तो मिळाला नाही. वेळापत्रकात तास नाहीत, हे खरंच होतं. पण काही महिन्यांनी नव्या मार्गदर्शक सूचना आल्या तेव्हा त्यात एक ओळ होती, की रुग्णाला औषध समजावण्याचं प्रात्यक्षिक स्थानिक बोलीत घेता येईल आणि समजलं की नाही याची खात्री रुग्णाकडूनच करून घ्यावी. मी ती ओळ स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचली. एक सहकारी म्हणाले, "अहो, 'घेता येईल' आहे, 'घ्यावे' नाही." मी म्हणाले, मला 'घेता येईल' पुरेसं आहे. त्या दिवशी मी सगळ्यांना चहा पाजला.

आता त्या मुलीचं सांगते, कारण तिथे माझा अंदाज पार चुकला.

मी मनात तिचं सगळं ठरवून टाकलं होतं. ती सरकारी परीक्षा देईल, सातपुड्यातल्या एखाद्या दवाखान्यात फार्मासिस्ट होईल, खिडकीशी बसेल आणि लोकांशी त्यांच्या भाषेत बोलेल. शिबिरापासून हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि ते मला फार आवडत होतं. शेवटच्या सत्रात गुजरातेतली एक कंपनी मुलाखती घ्यायला आली, तेव्हा तिने नाव दिल्याचं कळून मी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं.

"तू कंपनीत जाणार?"

"हो, मॅडम. गुणवत्ता तपासणीच्या लॅबमध्ये."

"पण तू इतकं छान समजावून सांगतेस."

"सांगते," ती म्हणाली. "पण दिवसभर माणसांशी बोललं की मी खूप थकते. दवाखान्यातून आले की वसतिगृहात मी कुणाशी बोलायचीच नाही. लॅबमध्ये मला बरं वाटतं. गोळी किती वेळात विरघळते ते बघत बसायला मला आवडतं. आकडा चुकला तर का चुकला ते शोधायला आवडतं."

"आणि तुझ्या वडिलांसाठी शिकायला आली होतीस ना?"

"ते मी शिकले की," ती म्हणाली. "बाबांना आता नीट ओढता येतं. त्यांनी शेजारच्या दोघांना शिकवलं. ते कारण झालं, मॅडम. आता मला दुसरं कारण सापडलं."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन दिवस मी जरा घुश्शातच होते. अम्मीने विचारलं तेव्हा तिला सगळं सांगितलं. अम्मी भाजी निवडत होती. ती म्हणाली, "तू डॉक्टर होने वाली थी. फिर टीचर बन गई. हमने कुछ कहा?" मी हसले आणि घुस्सा तिथेच संपला. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीची मुलाखतीची तयारी करून घेतली. इंग्रजी प्रश्न, इंग्रजी उत्तरं. 'रुग्ण' होऊन समोर बसण्याऐवजी यावेळी मी कंपनीची साहेब होऊन बसले आणि तिला फार छळलं. तिची निवड झाली.

पावरीचं काम थांबलं नाही. तिच्या मागच्या वर्गातल्या दोन मुलींनी आणि सारंगखेड्याच्या एका मुलाने ते घेतलं. त्या मुलाला पावरी येत नव्हती. त्याला त्याच्या मामाचं मेडिकल चालवायचं होतं आणि डोंगरातलं गिऱ्हाईक तिथे येतं, म्हणून तो शिकत होता. सुरुवातीला तो बोलायला लागला की मावशी तोंडाला पदर लावायच्या. आता तो बरा बोलतो. मीही आठवड्यातून एकदा मावशींकडे शिकायला बसते आणि त्या मला मार्क देतात. अजून पास केलेलं नाही.

यंदा होळीला ती मुलगी गावी जाताना वाट वाकडी करून कॉलेजला आली. अंगाने भरली होती, केस कापले होते, पाठीवर सॅक. मी तिला धरून तिसऱ्या वर्षाच्या वर्गावर नेलं. "नको, मॅडम," ती म्हणत राहिली. मी म्हणाले, पाच मिनिटं.

ती फळ्यापाशी उभी राहिली आणि पहिलं मिनिटभर गप्पच होती. मग मागच्या बाकावरून एका मुलीने अहिराणीत विचारलं, "ताई, तठे जेवन कसं शे?" सगळा वर्ग हसला, तीही हसली आणि सांगायला लागली. जेवण गोड असतं, भाजीतसुद्धा गूळ घालतात. शिफ्ट बदलली की झोप बिघडते. पहिल्या आठवड्यात तिने एक नोंद चुकीच्या रकान्यात केली आणि तिला वाटलं नोकरी गेली, पण वरच्या बाईंनी फक्त चूक कशी खोडायची ते शिकवलं. रसायनशास्त्र नीट वाचा, इंग्रजीला घाबरू नका, तिथे सगळ्यांचंच इंग्रजी आपल्यासारखं असतं. एका पावरा मुलीने पावरीत काही विचारलं, तिला पावरीत उत्तर मिळालं, आणि यावेळी त्यातलं अर्धं मला कळलं. घर आठवतं का, असं ती विचारत होती.

पाच मिनिटांचा तास झाला. घंटा वाजली तरी चार-पाच जण तिच्याभोवती उभेच होते. शेवटी मीच तिला सोडवलं आणि कॅन्टीनमध्ये नेलं.

"बघ, किती बोललीस," मी म्हणाले.

"म्हणूनच भूक लागली, मॅडम," ती म्हणाली आणि तिने दोन कचोऱ्या मागवल्या, मग आणखी एक.